आरोंद्याची डिजिटल आगगाडी

ही गजाल मी स्वतःहून सांगतोय, त्याला कारण एकच. मी नाही सांगितली तर घरातलं दुसरं कुणीतरी सांगतं, आणि दर वेळी मला आणखी थोडा मूर्ख करून सांगतं. त्यापेक्षा आपली फजिती आपल्याच तोंडून गेलेली बरी. चहा ओता, बसा, आणि हसायचं ते शेवटी हसा. कारण त्या दिवशी आमच्या घरात कुणाला हसू येत नव्हतं हो!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मालवणात हायस्कुलात फिजिक्स शिकवायचो. सासुरवाडी आरोंद्याला, खाडीच्या काठावर. आपल्याकडे तेव्हा रेल्वे म्हणजे नुसती बातमी! ‘येतली, येतली’ म्हणता म्हणता माणसं म्हातारी झाली. सर्व्हेवाले येऊन खुंट्या मारून जायचे, आणि लोक त्या खुंट्याच कौतुकाने बघून यायचे.

माझा मेहुणा दत्तू बोटीवर होता. एका खेपेला त्याने जर्मनीहून छोटी आगगाडी आणली. खेळणं म्हणायचं म्हणून म्हणायचं, पण चाकं, दांडे, डब्यांच्या खिडक्या, सगळं हुबेहूब! सोबत एक काळं खोकं, त्यावर लाल खुंटी. खुंटी फिरवली की गाडी पळते, जास्त फिरवली की जोरात पळते. ही अ‍ॅनालॉग. पुढच्या खेपेला त्याने दुसरं खोकं आणलं, आकड्यांच्या बटणांचं, आणि पोटात इवलासा मेंदू असलेलं एक इंजिन. हे डिजिटल. बांद्याच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीतून डोकं बाहेर काढून तो मला ओरडून सांगून गेला होता, "भावोजी, दोनातला एकच जोडा हां!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

आता या गाडीशी कुणाचं काय अडलं होतं? तर माझ्या धाकट्या मेहुणीचं, सुषमाचं लग्न अडलं होतं!

सुषमा गावातल्या बालवाडीत शिकवायची. सर्व्हेवर कुडाळचा एक तरुण इंजिनियर होता, प्रकाश. एकदा उन्हाचा पाणी मागायला आमच्या आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, अंगणात आला. सुषमाने गूळ-पाणी दिलं. त्यानंतर काय झालं कोण जाणे, पण रेल्वेची आखणी आरोंद्यावरून नसतानाही त्याची दुर्बीण वारंवार आरोंद्याकडे वळायला लागली. मुलगी खूश, मुलगा खूश. राहता राहिली मुलाची आई.

ही बाई कुडाळच्या बाजारात प्रसिद्ध होती. कल्ले उचलून आतला रंग बघितल्याशिवाय तिने कधी मासा घेतला नाही. मासेवाल्या तिला लांबून बघूनच टोपल्या नीट करायच्या. तिने निरोप धाडला: ‘गणपतीक दर्शनाक येतंव. चेडवाक बघतंव आणि काय ता सांगतंव. फक्त एक, आमका फुशारकी चलत नाय.’

हे शेवटचं वाक्य आबांना लागलं, कारण ते त्यांच्यासाठीच होतं. सुषमाचं आधीचं स्थळ याच पायी मोडलं होतं. आबांनी त्या पाहुण्यांना सांगितलं, आमच्याकडे फोन आहे. पाहुण्यांनी म्हटलं, एक फोन करू? तेव्हा कळलं की आहे तो फोनसाठी केलेला अर्ज. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. त्यानंतर सुषमा कितीतरी दिवस कुणाशी बोलली नव्हती.

म्हणून यंदा माझ्या बायकोने, नलूने, सगळ्यांना बजावलं. "एकय बढाई नको. जा आसा ता आसा, नाय ता नाय."

पण आबा तोपर्यंत बांद्याच्या बाजारात बोलून बसले होते. "यंदा आमच्या गणपतीफुडे कंप्युटरची रेल्वे धावतली! आमचो जावय बसवता!" मी शेजारीच उभा होतो. मी काय केलं असेल? मी मान डोलावली! अहो, चार लोकांत सासरा आपलं कौतुक करतो असे प्रसंग जावयाच्या आयुष्यात येतात किती?

तर आता गाडी धावायलाच हवी होती.

देखावा झकास झाला. दोन लांब टेबलं एकमेकांना जोडून त्यांवर जमिनीपर्यंत निळं कापड सोडलं. गोणपाटाला माती फासून दोन टोकांना दोन बोगदे केले. मधे ट्रेमध्ये रुजवलेला भाताचा हिरवागार तरवा, चांदीच्या कागदाची खाडी आणि ‘कुडाळ’ अशी पाटी. मागे गणपती, वर माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, टांगलेल्या काकड्या, नारळ, सुपाऱ्यांचे घोस. सगळं तयार. प्रश्न फक्त एवढाच, की गाडी चालवायची कशावर? खुंटीवर की बटणांवर?

"मास्तरांनू, फरक काय तो माका एकदा समजावन सांगा," आबा म्हणाले.

मी वर्गात उभा राहतो तसा उभा राहिलो. "आबा, अ‍ॅनालॉग म्हणजे पी.टी.च्या मास्तरांची शिटी. वाजली की मैदानावरची सगळी पोरं पळतात. डिजिटल म्हणजे हजेरी. नंबर पुकारला की त्याच नंबराचा पोरगा उठतो."

"आणि तो नंबरवालो पोरगो गैरहजर आसलो तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं म्हणजे डिजिटलमधलं कुठलंच उत्तर माझ्याकडे नव्हतं! माहितीचं पुस्तक जर्मनमध्ये. खुंटी मला जमायची, पण आबांनी सगळीकडे ‘कंप्युटर’ सांगून ठेवलेलं.

"तुमका खुंटीचा जमता, ता लावा नि गप बसा," नलू म्हणाली.

"कंप्युटर सांगितलंय, तर कंप्युटरच व्हयो," आबा अडले.

सुषमा माझ्याकडे बघत होती. "भावोजी, खंयचाय लावा. पण गाडी चलाक व्हयी."

वाद दोन दिवस चालला आणि पाहुणे यायचा दिवस उजाडला. मग आबांनी आमच्याकडे सगळे अडलेले वाद जिथे नेतात तिथे हाही नेला. देवळात. कौल लावायला!

हसू नका. आमच्याकडे विहीर कुठे खणायची, जमीन घ्यायची की नाही, सगळं देवाला विचारूनच होतं. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. साधा सरळ कारभार. त्यात मी माझी हुशारी घातली.

"उजवी पाकळी खुंटीची, डावी पाकळी बटणांची," मी म्हटलं. "जी पडेल ते आपण लावू."

गुरव कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मास्तरांनू, देवाक येका टायमाक एकच इचारूचा. व्हय काय नाय. तुमी दोन वस्तू फुडे ठेवलास तर देवान बोलाचा कसा?"

"बोलेल, बोलेल," मी म्हटलं. जसा काही देव माझ्याच वर्गात होता!

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा! आज तुज्या दारात ही लेकरां इली आसत."

"व्हय महाराजा!" आम्ही.

"तेंच्या घराक आगगाडी आसा."

"व्हय महाराजा!"

देवळाच्या पायरीवर डुलकी काढणारा एक म्हातारा ताडकन जागा झाला. "रेल्वे इली?"

"ती खुंटयेर चलवची काय बटनार चलवची, ता तू सांग, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. सुषमाने हात इतके घट्ट जोडले होते की बोटं पांढरी पडली होती. पाकळ्या हलेनात. मी श्वास रोखून धरलेला. आणि मग काय व्हावं? दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या!

"उत्तर नाय," गुरव म्हणाला. "परत इचारूया. ह्या खेपेक एकच."

"उत्तर आहे की!" मी म्हटलं. मी अडचणीत आलो की प्रमाण मराठीत शिरतो. "अगदी स्पष्ट उत्तर आहे. दोन्ही लावा!"

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही फिजिक्सचे ना? अहो, पण मला हेच तर हवं होतं! खुंटी लावली तर आबांचा शब्द जातो, बटणं लावली तर माझं अज्ञान उघडं पडतं. दोन्ही लावली की दोन्ही झाकलं जातं. देवाने माझ्या मनातलं ओळखलं, असं मला वाटलं. आबांनी तर लगेच माझी पाठ थोपटली.

दुपारी मी जोडणीला बसलो. रुळाच्या एका टोकाला खुंटीचं खोकं, दुसऱ्या टोकाला बटणांचं. हिशेब सोपा होता. एका बैलापेक्षा दोन बैलांनी गाडा जोरात जातो. रुळावर मेंदूवालं इंजिन, मागे डबे. सगळं घर भोवती उभं. मी गणपतीला नमस्कार केला आणि दोन्ही खोकी चालू केली.

इंजिन वीतभर पुढे गेलं, थरथरलं आणि थांबलं. मग बोगद्याच्या तोंडातून धूर आला.

"धूर सोडता!" आबा आनंदाने ओरडले. "बघ गो नलू, अगदी खरीच गाडी!"

जळक्या रबराचा वास आला तेव्हा त्यांचा आनंद गेला. नलूने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी एका खोक्याला हात लावला, चटका बसला. दुसऱ्याला लावला, तिथेही चटका. इंजिनाच्या पोटातला मेंदू तर पार करपला होता. खुंटी गेली, बटणं गेली, इंजिन गेलं. दोन बैल एकमेकांना शिंगं लावून दोघंही आडवे!

मग मी जर्मन पुस्तक उघडलं. तिसऱ्याच पानावर चित्र. एका रुळाला दोन खोकी जोडलेली आणि त्यावर ही एवढी मोठी लाल फुली! रोज पोरांच्या वहीत लाल फुल्या मारणाऱ्या माणसाला फुली वाचायला जर्मन यावं लागतं का हो?

आबा भिंतीला टेकून खालीच बसले. "फोनासारखाच झाला," एवढंच म्हणाले.

सुषमा रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती त्या इंजिनाकडे बघत राहिली. आपल्या शहाणपणाने या पोरीचं दुसरंही लग्न मोडणार, हे मला लख्ख दिसत होतं. पाहुणे यायला जेमतेम तास होता.

मग सुषमा उठली, शेजारच्या मच्छीमाराकडे गेली आणि हातात तंगूस घेऊन आली. तंगूस म्हणजे गळाला बांधतात ती नायलॉनची बारीक दोरी, लांबून दिसत नाही अशी. एक तुकडा तिने इंजिनाच्या नाकाला बांधला आणि उजव्या बोगद्यातून टेबलाखाली सोडला. दुसरा शेवटच्या डब्याला बांधून डाव्या बोगद्यातून खाली सोडला. उजवी ओढली की गाडी पुढे, डावी ओढली की मागे.

"झाला," ती म्हणाली. "आता भावोजी, टेबलाखाली."

"मी?"

"मगे कोण? आबा? आणि आयका, माजा लगीन मोडला तर तुमका जन्मभर थंयच बसवतलंय!"

हायस्कूलचा फिजिक्सचा मास्तर, कोऱ्या झब्ब्यात, टेबलाखाली उताणा झोपला. दोन हातांत दोन दोऱ्या. पाय बाहेर राहत होते, ते नलूने आपल्या पायाने आत ढकलले. एरवी तिने ते अगदी हळुवारपणे केलं असतं.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या.

टेबलाखालून मला फक्त पावलं दिसत होती. मोजे, म्हणजे प्रकाश. जोडव्यांची पावलं, म्हणजे त्याची आई. ती पावलं गणपतीसमोर थांबली आणि टेबलापाशी येऊन पुन्हा थांबली. माझ्या नाकापासून हातभर अंतरावर! मी श्वास घ्यायचं बंद केलं.

"मास्तर खंय आसत?" आईने विचारलं.

आबा नलूच्या धाकात होते. खोटं बोलायची चोरी. "मास्तर... आतल्या कामात आसत."

"आता गाडी सुटता हां!" सुषमा मोठ्याने म्हणाली आणि तिने मेलेल्या खोक्यावरचं बटण दाबलं. मी उजवी दोरी हळूहळू ओढली. वरून प्रकाशचा आवाज आला, "वा! काय सफाईने चालते!" मी डावी ओढली. "मागेही येते!" माझ्या जिवात थोडा जीव आला.

पण सुख कुणाला टिकलंय? तरव्याला मी सकाळी भरपूर पाणी घातलं होतं. ट्रेमधून ते झिरपलं आणि बरोबर माझ्या कपाळावर ठिबकायला लागलं. गार गढूळ पाणी. पुसायला हात नाही. त्यात मुंग्यांना माझा खिसा सापडला. सकाळी देवळातला पंचखाद्याचा प्रसाद मी त्यातच ठेवला होता ना!

"मी दाबून बघू?" प्रकाशने विचारलं.

आबा दोन पावलं मागे सरकलेले मला दिसले.

"बघा की," सुषमा म्हणाली. काय म्हणणार दुसरं?

प्रकाशने बटण दाबलं असणार, पण मला कसं कळावं? गाडी ढिम्म. मग सुषमाचा आवाज. "अय्या, तुमी पुढे जाऊचा बटन दाबलास?" मी उजवी ओढली. "आता थांबवलास!" मी थांबलो. "आता मागे!" डावी. पोरगी वरून कॉमेंट्री करत होती, मी खालून घाम गाळत होतो, आणि प्रकाश हरखून बटणांवर बटणं दाबत होता. "हे असलं आमच्या ऑफिसातसुद्धा नाही!"

"पुढे!" उजवी. "मागे!" डावी. "थांबली!" "पुढे!" "नाय, मागे!" आणि नेमकं त्याच क्षणी गढूळ पाण्याचा थेंब माझ्या डोळ्यात पडला, एक मुंगी बरगडीला चावली आणि मी दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या. दोन्ही! सकाळपासून माझ्या नशिबाला तेवढा एकच शब्द चिकटला होता.

खट्‌ असा आवाज झाला. गाडी मधोमध तुटली. इंजिन सुसाट उजव्या बोगद्यात घुसलं आणि डबे सुसाट डाव्या बोगद्यात! रुळावर काहीच उरलं नाही.

माटवीची एक सुपारी टपकन पडली तीसुद्धा ऐकू आली.

"हे..." प्रकाशने विचारलं, "हे डिजिटलमध्ये असं होतं का?"

जोडव्यांची पावलं एक पाऊल पुढे आली. दोन बोटांनी निळ्या कापडाची कड धरली आणि मासा घेताना कल्ले उचलतात तशी ती अलगद वर झाली. प्रकाशच्या आईने खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर चिखल, झब्ब्यावर मुंग्या, दोन हातांत दोन दोऱ्या.

"नमस्कार," मी म्हटलं. हात जोडले तर वर बोगद्यात काहीतरी धडपडलं.

तिने माझ्या नमस्काराकडे लक्षच दिलं नाही. ती सरळ उभी राहिली. "ही दोरयेची अक्कल कोणाची?"

"माजी," सुषमा म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

"आणि ता खोका?"

"जळला. आज दुपारी. दोन खोकी हुती, भावोजींनी दोनय एकदम जोडली."

"माका कधी सांगतलंस?"

"गाडी बघून झाल्यार. पण तुमी आधीच उचललास."

मी डोळे मिटले. झालं. फोन गेला, गाडी गेली, आता लग्नही गेलं. मी टेबलाखालून बाहेरच यायचं नाही असं ठरवलं. कुणाला कुठल्या तोंडाने सामोरं जायचं?

"इचारल्यार आडपडदो ठेवणा नाय," ती बाई म्हणाली. "ताजा आसा चेडू. आमका पसंत."

वर एकच गलका उठला. आबा रडायला लागले. नलूने साखर आणली. प्रकाश, इंजिनियर माणूस, अजून बोगद्यात वाकून तंगुसाची गाठ तपासत होता. आणि मी? मला बाहेर यायला कुणी हातसुद्धा दिला नाही! मी आपला सरपटत बाहेर आलो आणि सगळ्यांत मागे उभा राहिलो. मनातून मात्र इतका आनंद झाला होता की मुंग्या झटकायचंही सुचलं नाही.

प्रकाशच्या आईची नजर पुन्हा माझ्यावर गेली. "आणि ह्यो?"

"ह्यो..." आबांनी डोळे पुसले. "ह्यो आमचो मोठो जावय."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "असांदे," ती म्हणाली. "टोपलेत सगळेच मासे ताजे गावनत नाय."

पुढे काही वर्षांनी आपली खरीखुरी रेल्वे आली. आम्ही सगळं घर कुडाळ स्टेशनावर ती बघायला उभे. गाडी लांबून दिसली, लोक ओरडले, आणि प्लॅटफॉर्मच्या जरा अलीकडेच ती थांबली. हलेना. सिग्नल असेल, कळलं ना? पण आमच्या घरातली सगळी माणसं गाडीकडे बघायचं सोडून एकसाथ माझ्याकडे वळली.

प्रकाश, आता माझा साडू, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, जरा वाकान बघतास? खाली कोणी दोनय दोऱ्यो एकदम ओढूक नाय मां?"

आणि खरं सांगू? मी वाकून बघितलं हो!